सानुग्रह आणि देणे

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ठाण्याहून माझ्या आतेभावाने एक छायाचित्र पाठवले. त्याच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर पदपथावर उभ्या असलेल्या जुन्या गुलमोहराची मांडीएवढी जाड फांदी एका रिक्षावर कोसळली होती आणि रिक्षाचा टप चेपून पार बसला होता. चालक पलीकडच्या टपरीवर चहाला गेला होता, म्हणून वाचला. त्यानंतर दोन दिवस आमच्या कौटुंबिक गटावर जी चर्चा झाली, ती आपल्याकडे अशा प्रत्येक प्रसंगानंतर होते तशीच होती. कोणी म्हणाले, आत माणूस असता तर महापालिकेच्या अधिकाऱ्यांवर सदोष मनुष्यवधाचाच गुन्हा दाखल करायला हवा होता. कोणी विचारले, रिक्षावाल्याला सरकारकडून काही मदत मिळते का. आणि मग नेहमीप्रमाणे विषय माझ्यावर येऊन थांबला: तुमच्या ऑस्ट्रेलियात हे घडले असते तर त्या माणसाने कौन्सिलला कोर्टात खेचून कोटभर रुपये वसूल केले असते, आपल्याकडे माणसाच्या जिवाला किंमतच नाही.

मी अठरा वर्षे सिडनीच्या पश्चिम उपनगरात राहतो आणि लहान पूल, मोऱ्या व रस्त्यांच्या कडेच्या भिंती तपासणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. वकील नाही, पण ज्या कायद्याच्या धाकाने माझ्या तपासणी-अहवालाच्या प्रत्येक पानावर तारीख, वेळ आणि छायाचित्र लागते, तो कायदा मला कामापुरता वाचावा लागला आहे. त्या बळावर सांगतो, गटावरचे ते वाक्य अर्धेच खरे आहे. आणि जो अर्धा भाग खोटा आहे, त्याच्यामुळे आपली घरची चर्चा वर्षानुवर्षे एकाच जागी फिरत राहते.

आपल्या चर्चेत दोनच शब्द असतात: गुन्हा आणि मदत. पूल पडला, फलक कोसळला, उघड्या मॅनहोलमध्ये माणूस वाहून गेला, की पहिली मागणी अटकेची होते आणि त्याच संध्याकाळी मृतांच्या वारसांना अमुक लाख रुपयांची घोषणा होते. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर जाहिरातीचा महाकाय फलक कोसळून १७ माणसे गेली. पालिकेच्या नियमाप्रमाणे ४० फूट लांब आणि ४० फूट रुंद फलकाला परवानगी मिळू शकते. हा १२० फूट लांब आणि तितकाच रुंद होता. दुसऱ्या दिवसापासून वाद रंगला तो जागा कोणाची यावर, कारण जमीन लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली होती आणि फलकांचे नियमन पालिकेकडे. फलक उभारणाऱ्यावर गुन्हा नोंदला गेला, वारसांना ५ लाख रुपये जाहीर झाले. पेट्रोल भरायला थांबलेल्या त्या माणसांचे या सगळ्यांपैकी नेमके कोण काय देणे लागत होते, हा प्रश्न मात्र त्या आठवड्यातल्या गदारोळात मला क्वचितच ऐकू आला.

या मदतीला शासकीय भाषेत ‘सानुग्रह’ म्हणतात. शब्द नीट ऐकावा: अनुग्रहासह, म्हणजे कृपा म्हणून दिलेली. कृपा करणाऱ्याकडे हिशेब मागता येत नाही, रक्कम कमी का असे विचारता येत नाही, आणि कृपा झाली नाही तर दाद कुठे मागायची, हेही ठरलेले नसते. त्याच्या उलट टोकाला फौजदारी कायदा आहे. जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम ३०४-अ आता भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ झाले आहे आणि हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दलची शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढली आहे. ही शिक्षा सरकार आरोपीला देते. तिच्यातून जखमी माणसाचे शस्त्रक्रियेचे बिल भागत नाही. शिवाय फौजदारी हयगय सिद्ध करण्याचा निकष फार कडक असतो आणि असायलाही हवा. त्यामुळे शेवटी सापडतो तो एखादा कनिष्ठ अभियंता किंवा मुकादम, आणि तोही बहुधा संशयाचा फायदा मिळून सुटतो.

२००९ साली माझे मामा, तेव्हा वय वर्षे ६७, एका शहरात संध्याकाळी भाजी घेऊन येताना झाकण नसलेल्या गटारात पडले. खुब्याचे हाड मोडले. दोन शस्त्रक्रिया, सात महिने अंथरूण, आणि त्यानंतर काठी कायमची. शहराचे नाव मी लिहीत नाही, कारण गटारांची तऱ्हा आपल्याकडे सगळीकडे सारखीच आहे. मला आठवते ते घरातले बोलणे. मामी म्हणाल्या, वेळच तशी होती. शेजारचे काका म्हणाले, या वयात संधिप्रकाशात बाहेर पडायचेच कशाला. मामांनी स्वतः कपाळाला हात लावला. त्या गटारावर झाकण ठेवणे हे कोणाचे तरी मामांप्रती कर्तव्य होते आणि ते न पाळल्याने सात महिन्यांचा खर्च त्या कोणावर तरी पडायला हवा होता, असे आमच्यापैकी एकाच्याही तोंडून निघाले नाही. मी तर स्थापत्य अभियंता होतो; मीही बोललो नाही.

या मधल्या, हरवलेल्या गोष्टीला कायदा ‘काळजी घेण्याचे कर्तव्य’ म्हणतो. दिवाणी कायद्याच्या ज्या शाखेला आपल्याकडे अपकृत्याचा कायदा म्हणतात, तिचा हा कणा आहे. तिची आधुनिक कथा स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावच्या एका कॅफेत सुरू होते. १९२८ च्या ऑगस्टमध्ये तिथे एका बाईला मैत्रिणीने आले घातलेले पेय विकत घेऊन दिले. बाटली काळसर, अपारदर्शक होती. उरलेले पेय पेल्यात ओतताना त्यातून कुजलेली गोगलगाय निघाली, अशी त्या बाईची तक्रार होती. बाटली तिने स्वतः विकत घेतलेली नव्हती, त्यामुळे तिचा कोणाशीच करार नव्हता. तरीही पेय बनवणाऱ्याने तिची काळजी घ्यायला हवी होती का, हा प्रश्न ब्रिटिश उमरावसभेपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, गेला आणि १९३२ साली तीन विरुद्ध दोन अशा मताने उत्तर ‘होय’ असे आले. गोगलगाय खरोखर होती की नाही, हे न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही. नंतर तडजोड झाली. बहुमताचे मुख्य निकालपत्र लिहिणारे लॉर्ड ॲटकिन ब्रिस्बेनमध्ये जन्मलेले, ही गोष्ट इथले वकील थोड्या अभिमानाने सांगतात.

ॲटकिन यांनी कसोटी मांडली ती शेजाऱ्याच्या कल्पनेतून. माझ्या कृतीचा किंवा कृती न करण्याचा परिणाम ज्याच्यावर इतका जवळून होणार आहे की मी वागताना त्याचा विचार करायलाच हवा, तो कायद्याच्या दृष्टीने माझा शेजारी. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये, कारण शेजारधर्म हा शब्द आपल्या घरात आहे. फरक एवढाच, की आपला शेजारधर्म ओळखीच्या माणसापर्यंत पोचतो आणि तिथे थांबतो. वाटीभर साखर देणारे, रात्री अपरात्री रिक्षा शोधून आजारी माणसाला दवाखान्यात नेणारे आपण, सोसायटीच्या गच्चीवरची सैल झालेली पत्र्याची शेड रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या डोक्यात पडू शकते याचा विचार शेजारधर्मात धरत नाही.

आता कोणी म्हणेल, हे सगळे विलायती. तसे नाही. आपल्या न्यायालयांना हे कर्तव्य केव्हापासूनच ठाऊक आहे आणि त्यातला एक महत्त्वाचा निकाल तर पुरता मराठी मातीतला आहे. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला दूरचा प्रवास करून पुण्याच्या रुग्णालयात आणले गेले, तिथे पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवण्यात आले आणि काही तासांत तो गेला. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी दिवाणी दावा लावला आणि तो ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ या नावाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. न्यायालयाने १९६८ साली सांगितले की रुग्णाला हाती घेणाऱ्या डॉक्टरवर तीन कर्तव्ये येतात: हा रुग्ण आपण घ्यावा का हे ठरवताना काळजी, कोणते उपचार द्यायचे हे ठरवताना काळजी, आणि ते उपचार देताना काळजी. आईवडिलांना मिळालेली रक्कम ३,००० रुपये होती. पंधरा वर्षे झगडून ३,००० रुपये, असे कोणी कुत्सितपणे म्हणू शकेल. पण ती रक्कम कृपा नव्हती, न्यायालयाने मान्य केलेले देणे होते, आणि आज डॉक्टरांच्या जबाबदारीबद्दलच्या निकालांत हीच तीन कर्तव्ये पुन्हा पुन्हा उद्धृत होतात.

सार्वजनिक संस्थांबाबतही सुरुवात चांगली होती. दिल्लीत चांदनी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे गेली, तेव्हा पालिकेने म्हटले की मनोऱ्यात दिसण्यासारखा दोष नव्हता. मनोरा ८० वर्षांचा होता आणि त्यातल्या चुन्याचे आयुष्य जेमतेम ४० ते ४५ वर्षांचे, असे पुराव्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली पालिकेला जबाबदार धरले: रस्त्यालगत इमारत बाळगणाऱ्याने ती तपासत राहायला हवी, दोष दिसत नव्हता ही सबब चालणार नाही. अभियंता म्हणून मला हा निकाल फार आवडतो, कारण यात कर्तव्य ‘माहीत असेल ते दुरुस्त करा’ इतकेच नाही. ‘माहीत करून घ्या’ हेही त्यात येते.

मग आले राजकोटचे झाड. १९७५ च्या मार्चमध्ये रस्त्याने कचेरीत निघालेल्या एका माणसाच्या अंगावर रस्त्याकडेचे झाड पडले आणि तो गेला. खालच्या न्यायालयाने आणि गुजरात उच्च न्यायालयाने वारसांच्या बाजूने निकाल दिला. बावीस वर्षांनी, १९९७ साली, सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. केवळ धोका कल्पनेत येण्याजोगा होता म्हणून कर्तव्य जन्माला येत नाही. पालिकेने शहरातले प्रत्येक झाड सतत तपासत राहावे अशी अपेक्षा ठेवली तर झाडे लावण्याचे कामच अंगावर येईल. हे झाड पोखरले आहे हे पालिकेला ठाऊक असल्याचा पुरावा नाही, असा साधारण युक्तिवाद होता. मला तो पटत नाही. घड्याळाच्या मनोऱ्याला जो नियम, तो पन्नास वर्षांच्या झाडाला का नसावा, याचे समाधानकारक उत्तर मला त्या निकालात सापडलेले नाही. झाडे लावणे चांगले काम आहे म्हणून त्याच्या धोक्याचा भार एकट्या वाटसरूने का उचलावा? पण हा निकाल आजही कायदा आहे, आणि पावसाळ्यात झाडाखाली सापडणाऱ्या माणसाच्या वारसांसमोर तो उभा राहतो.

इथवर वाचून ‘बघा, शेवटी आपल्याकडे असेच’ असे म्हणणाऱ्यांना मी आता इकडचे सांगतो.

१९९२ साली न्यू साउथ वेल्स राज्यातल्या सिंगलटन भागात एक चालक २२ टनांचा ट्रक घेऊन जुन्या लाकडी पुलावरून जात असताना पूल मोडला. कौन्सिलच्या माणसांनी वरच्या फळ्या वेळोवेळी बदलल्या होत्या. खालच्या, भार पेलणाऱ्या तुळया आतून पोकळ झाल्या होत्या, त्या कोणी पाहिल्या नव्हत्या. तेव्हा इथे एक जुना इंग्रजी नियम चालत असे. रस्त्याचे काम करून ते चुकीचे केले तर रस्त्याची मालक असलेली संस्था जबाबदार. काहीच केले नाही तर मात्र माफ. करील तो चुकेल, न करील तो सुटेल, असा हा सरळ हिशेब होता. २००१ च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने, म्हणजे इथल्या सर्वोच्च पीठाने, चार विरुद्ध तीन मतांनी हा नियम मोडीत काढला आणि सांगितले की रस्ते सांभाळणाऱ्या संस्थेवरही इतरांसारखेच वाजवी काळजीचे कर्तव्य आहे. त्याच वेळी पदपथावर अडखळलेल्या एका बाईचा दावा मात्र त्याच न्यायालयाने फेटाळला. पदपथ थोडाफार उंचसखल असणारच, चालणाऱ्याने खाली पाहावे, असे म्हणून. म्हणजे तेव्हाही दरवाजा सताड उघडा नव्हता.

पण तेवढाही उघडा राहिला नाही. २००१ च्याच मार्चमध्ये एचआयएच ही बलाढ्य विमा कंपनी सुमारे ५.३ अब्ज डॉलरच्या तुटीसह बुडाली, विम्याचे हप्ते भडकले, मैदाने आणि जत्रा बंद पडू लागल्या. त्याच सुमारास बाँडाय किनाऱ्यावर झेंड्यांच्या मधल्या सुरक्षित पट्ट्यात सूर मारताना वाळूच्या उंचवट्यावर आदळून हातपाय कायमचे लुळे पडलेल्या एका तरुणाला ज्यूरीने ३७.५ लाख डॉलर मंजूर केले आणि वर्तमानपत्रांनी ‘आता वाळूबद्दलही खटले’ म्हणून गिल्ला केला. २००२ साली राज्याच्या विधिमंडळाने दिवाणी दायित्वाचा नवा कायदा केला. उघड दिसणाऱ्या धोक्याबद्दल सावध करण्याचे कर्तव्य सामान्यतः उरले नाही. वेदना आणि मनस्तापाची भरपाई, इजा सर्वांत गंभीर प्रकरणाच्या निदान १५ टक्के नसेल तर शून्य. आणि कलम ४५: रस्त्याची देखभाल न केल्याबद्दल संस्था जबाबदार नाही, जोवर त्या विशिष्ट धोक्याची तिला प्रत्यक्ष माहिती नव्हती. विधिमंडळाने न्यायालयाचा २००१ चा निकाल रस्त्यांपुरता जवळजवळ पुसून टाकला.

‘प्रत्यक्ष माहिती’ या दोन शब्दांनी काय होते ते २००७ सालच्या नॉर्थ सिडनीच्या खटल्यात दिसले. एक बाई रस्त्यावरच्या खड्ड्यात पाय जाऊन पडली. तो रस्ता झाडणारे कौन्सिलचे कामगार नेमाने तिथून जात. खड्डा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. अपिलाच्या न्यायालयाने बहुमताने ठरवले की झाडूवाल्याने पाहिले म्हणजे कौन्सिलला माहीत झाले असे होत नाही. दुरुस्ती करवून घेण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याला माहिती असायला हवी. बाई हरल्या. म्हणजे ज्या संस्थेची निरोप वर पोचवण्याची यंत्रणा जितकी ढिसाळ, तितकी ती सुरक्षित! पुणे किंवा ठाण्यातल्या कोणा पालिका वकिलाने हे वाचले तर त्याला हेवा वाटेल.

तेव्हा ‘तुमच्याकडे कोटभर मिळाले असते’ हे चूक आहे. इथे फांदीने रिक्षा चेपली असती तर रिक्षाच्या मालकाने स्वतःच्या विम्याकडे धाव घेतली असती आणि प्रकरण तिथेच मिटले असते. मामा इथे पडले असते तर त्यांचे खुब्याचे हाड सार्वजनिक रुग्णालयात मेडिकेअर या सरकारी आरोग्य योजनेखाली विनामूल्य बसवले गेले असते. त्यांना खटल्याची गरजच कमी पडली असती. परदेशात भरपाई मिळते म्हणून माणसाच्या जिवाला किंमत आहे, अशी आपली समजूत असते. मला उलटे दिसते: खर्चाचा मोठा वाटा आधीच समाजाने उचललेला असतो, म्हणून विधिमंडळाला कर्तव्याची कात्री चालवताना फारसा जनक्षोभ सोसावा लागला नाही. आपल्याकडे ती गादी खाली अंथरलेली नाही. म्हणून भारतात हे कर्तव्य आकुंचित ठेवणे मला अधिक क्रूर वाटते.

गंमत अशी की कागदावर आज मुंबईतला खड्ड्यात पडलेला माणूस सिडनीतल्या माणसापेक्षा बऱ्या स्थितीत आहे. मुंबई उच्च न्यायालयात २०१३ पासून स्वतःहून दाखल करून घेतलेली जनहित याचिका चालू आहे. चांगले रस्ते हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे त्या न्यायालयाने फार पूर्वी म्हटले. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी खंडपीठाने त्यापुढचे पाऊल टाकले: खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, जखमींना इजेनुसार ५०,००० ते अडीच लाख रुपये, दावे ठरवायला समित्या, आणि दिलेली रक्कम जबाबदार कंत्राटदार व अधिकाऱ्यांकडून वसूल करण्याची मुभा. प्रत्यक्ष माहिती होती की नव्हती, असा अडसर त्यात नाही.

माझ्या गटावरच्या मंडळींनी या आदेशाचे स्वागत ‘सरकार आता सहा लाख देणार’ अशा शब्दांत केले, आणि तिथेच माझी खंत आहे. न्यायालयाने देणे सांगितले. आम्ही ते मदत म्हणून ऐकले. ठरावीक रकमेत तो धोका आहेच. तीस वर्षांचा कमावता माणूस आणि ऐंशी वर्षांचे आजोबा यांच्या मृत्यूने होणारे आर्थिक नुकसान सारखे नसते, आणि अपकृत्याच्या कायद्याचा जीव त्या हिशेबात आहे: काय गमावले ते मोजा आणि तितके भरून द्या. मोटार अपघातांत आपण हे रोज करतो. ट्रकखाली सापडलेल्याची विधवा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाते, नवऱ्याचा पगार, वय, अवलंबून असलेली माणसे यांवरून रक्कम ठरते आणि ती मिळते, कारण तिच्यामागे सक्तीचा विमा आणि स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. त्याच रस्त्यावर, त्याच माणसावर ट्रकऐवजी झाड पडले, तर तिला दिवाणी न्यायालयात मागणीच्या प्रमाणात शुल्क भरून उभे राहावे लागते; शिवाय मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ चे कलम ५२७ सांगते की पालिकेवर दावा लावण्याआधी एक महिन्याची लेखी सूचना द्या आणि कारण घडल्यापासून सहा महिन्यांत दावा लावा. नवरा गेल्यावर पहिले सहा महिने कसे जातात, हे ज्याने पाहिले आहे त्याला या मुदतीबद्दल वेगळे सांगायला नको.

म्हणून मला वाटते, इकडून उचलण्यासारखे काही असेल तर ती भरपाईची रक्कम नाही आणि कलम ४५ तर अजिबात नाही. इथे कर्तव्याची भाषा अपघाताच्या आधी बोलली जाते. मुलीच्या शाळेची सहल निघते तेव्हा शिक्षक धोक्यांची यादी करतात आणि बोलताना ‘आमचे कर्तव्य’ असा शब्द सहज येऊन जातो. पदपथाची फरशी बोटभर वर आली तर तिच्याभोवती रंगाचा फवारा मारून जातात आणि काही दिवसांनी ती कड घासून सपाट होते. हे करणारा कामगार संत नसतो, त्याच्या साहेबाला खटल्याची किंवा विमा कंपनीच्या तपासनिसाची भीती असते. भीतीतून आलेली शिस्त मला चालते.

आपल्याकडे याच जागी पाटी लावण्याची रीत आहे. ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर उभी करावीत’, ‘चप्पल हरवल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही’, ‘लिफ्टचा वापर स्वतःच्या जोखमीवर’. लहानपणापासून या पाट्या वाचत वाढल्याने जबाबदारी पाटी लावून झटकता येते, यावर आपला विश्वास बसला आहे. कायद्याचा तो तितका नाही. दिल्लीतल्या ताज महाल हॉटेलात १९९८ साली चावी कर्मचाऱ्याच्या हाती दिलेली मारुती झेन चोरीला गेली, पावतीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असे छापलेले होते, आणि तरीही २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलला सांगितले की वस्तू ताब्यात घेतल्यावर स्वतःच्या हलगर्जीपणाची जबाबदारी अशी छापील ओळीने उडवता येत नाही.

ताबा हा शब्द मला गुलमोहराकडे परत आणतो. सोसायटीने फांदी का छाटली नाही, असे मी आतेभावाला विचारले तेव्हा तो चिडला. झाडाला हात लावायचा तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ती न घेता फांदी तोडली तर सोसायटीवरच गुन्हा. हा वृक्षसंरक्षणाचा कायदा महाराष्ट्राने १९७५ सालीच केला, राजकोटचे ते झाड पडले त्याच वर्षी, आणि कायदा चांगलाच आहे. पण ज्याने माझे हात बांधले, त्याचे हात मोकळे असायला हवेत. सिडनीच्या दक्षिणेला शोलहेवन भागात एका गृहस्थाला घराजवळच्या उंच निलगिरीची भीती वाटत होती. कौन्सिलच्या अधिकाऱ्याने येऊन वरवर पाहणी केली, झाड ठणठणीत आहे म्हणून सांगितले आणि तोडल्यास दंड होईल अशी ताकीद दिली. पुढे वादळात तेच झाड घरावर पडून ते गृहस्थ गेले. अपिलाच्या न्यायालयाने २००४ साली कौन्सिलला जबाबदार धरले. झाड कौन्सिलने पाडले नव्हते. पण काय करायचे ते ठरवण्याचा अधिकार तिने स्वतःकडे ठेवला होता आणि तो वापरताना पुरेशी काळजी घेतली नव्हती. राजकोटच्या निकालापुढे उभे राहून ठाण्यातल्या कोणा वकिलाने हा मुद्दा मांडावा असे मला फार वाटते.

एवढे सगळे आतेभावाला लिहून पाठवल्यावर त्याने उत्तर दिले की उरलेले झाडही रस्त्याकडे कललेले आहे, बुंध्याला पोकळी आहे आणि सोसायटीने मागच्या वर्षीच अर्ज केला होता. मी विचारले, पोच घेतली होतीस का? राजकोटला जे सिद्ध करता आले नाही आणि नॉर्थ सिडनीत जे नव्हते म्हणून बाई हरल्या, ते म्हणजे योग्य अधिकाऱ्याला धोका कळवल्याचा कागद. दोन दिवस तो काही बोलला नाही. मग सचिवांच्या कपाटातून काढलेल्या दुय्यम प्रतीचे छायाचित्र आले. आवक विभागाचा गोल शिक्का आहे, तारीख वाचता येते, खाली कोणाची तरी सही आहे. आवक क्रमांकाच्या जागेवर मात्र शाई पसरली आहे. मी त्याला सांगितले आहे की नवा अर्ज कर, त्यात बुंध्याच्या पोकळीचे छायाचित्र जोड, वृक्ष अधिकाऱ्याच्या नावे दे, आणि क्रमांक वाचता येईपर्यंत खिडकीवरून हलू नकोस.